अण्णा माझ्याच स्वप्नात का येत नाहीत?

पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. माझं वय ४७. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, शाळेत लिपिक आहे. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, गेल्या आषाढात गेले. शेवटचे चार महिने ते माझ्याकडेच होते. औषधं, आंघोळ, रात्रीची जागरणं, सगळं मीच केलं. ते गेल्यापासून आईला ते अधूनमधून स्वप्नात दिसतात. पुण्यातल्या धाकट्या बहिणीला तर दर आठवड्याला. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्यामुळे तिला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, तरी सकाळी न चुकता फोन करते : अण्णा आले होते, अंगणात बसले होते, चहा मागत होते. आणि शेवटी विचारते, ‘तुला गं कसे दिसत नाहीत?’ मला ते एकदाही दिसले नाहीत. मला मुळात स्वप्नंच पडत नाहीत. निजायला अकरा वाजतात, पाचला नळाचं पाणी येतं म्हणून पावणेपाचचा गजर असतो. उठलं की मोटर लावायची आणि डब्यांना लागायचं. शेजारच्या काकू म्हणतात, पितर नाराज असले की दर्शन देत नाहीत, विधी करून घे. जाऊबाई म्हणतात, उलट आहे, आत्मा शांत झाला म्हणून येत नाहीत. वर्षश्राद्ध जवळ आलंय. हल्ली रोज रात्री ‘आज तरी या’ म्हणून अण्णांना हाक मारते आणि मग झोपच उडते. माझं काही कमी पडलं का? स्वप्न लक्षात राहावं म्हणून काही करता येतं का? आणि ‘मला सांगू नकोस’ असं बहिणीला म्हटलं तर वाईट दिसेल का?

उत्तर :

तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमचं काहीही कमी पडलेलं नाही. तुम्हाला स्वप्नं पडतात, रोज रात्री पडतात. अण्णा त्यांत येऊनही गेले असतील. सकाळी त्यातलं काही तुमच्या हाती उरत नाही, आणि त्याची कारणं तुम्ही पत्रात स्वतःच लिहून पाठवली आहेत : पावणेपाचचा गजर, मोटर आणि डबे.

स्वप्नांचा झोपेशी असलेला हिशेब माणसाला फार उशिरा कळला. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपलेल्या माणसाचे डोळे ठरावीक वेळाने बंद पापण्यांआड झपाझप हलू लागतात, आणि त्या वेळी मेंदू जवळजवळ जागेपणीसारखा काम करत असतो. झोपेच्या या टप्प्याला रेम झोप म्हणतात. पुढे १९५७ मध्ये क्लाइटमन आणि विल्यम डिमेंट यांनी माणसांना मुद्दाम या टप्प्यात उठवून विचारलं. १९१ वेळा उठवलं, तेव्हा १५२ वेळा लोकांनी स्वप्न सांगितलं. इतर टप्प्यांत १६० वेळा उठवलं, तेव्हा फक्त ११ वेळा. नंतरच्या संशोधनातून कळलं की इतर टप्प्यांतही मनात काही ना काही चालू असतं, पण चित्रासारखी ठसठशीत, गोष्टीसारखी लांबणारी स्वप्नं बहुतेक याच झोपेतली.

आता तुमच्या रात्रीकडे पाहू. झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी रेम झोप येते. पहिल्या खेपेला ती पाच-दहा मिनिटांचीच असते. रात्र सरत जाते तशी ती लांबते, आणि पहाटेच्या साखरझोपेत अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त टिकते. तुम्ही अकराला आडवं होता आणि पावणेपाचला उठता. म्हणजे पाठ टेकताक्षणी डोळा लागला तरी जेमतेम पावणेसहा तास. स्वप्नांचा सगळ्यात भरगच्च भाग ज्या वेळी सुरू असतो किंवा व्हायचा असतो, नेमकी तीच वेळ नळाच्या पाण्याने घेतली आहे. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे म्हणतात. खरं होतं की नाही ते ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू, पण लक्षात राहतं ते बहुतेक पहाटेचंच, हे आपल्या आज्या-पणज्यांनी अचूक हेरलं होतं.

‘पण मला पडतच नाहीत,’ असं तुम्ही म्हणाल. असं ठामपणे म्हणणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबद्दल पॅरिसमधल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये एक फार बोलकी गोष्ट मांडली. रेम झोपेत आपले स्नायू एरवी लुळे पडलेले असतात, म्हणून आपण स्वप्नात धावलो तरी अंथरुणात धावत नाही. एका आजारात ही रोखणारी व्यवस्था बिघडते आणि माणूस झोपेतच बोलतो, भांडतो, हातपाय झाडतो, म्हणजे स्वप्न अक्षरशः करून दाखवतो. या रुग्णांत काही जण असे होते की त्यांना वर्षानुवर्षं एकही स्वप्न आठवलेलं नव्हतं. रात्रीच्या चित्रीकरणात मात्र तेही कुणाशी वाद घालताना, कुणाला हटकताना दिसले. सकाळी विचारलं तर उत्तर तेच : काही पडलं नाही. स्वप्न तर डोळ्यांदेखत घडलं होतं, फक्त त्याची आठवण तयार झाली नव्हती.

आठवण तयार का होत नाही? जागेपणी एखादी गोष्ट मनात पक्की बसायला मेंदूला जी रसायनं लागतात, त्यातलं नॉरॲड्रेनलिन रेम झोपेत जवळपास थांबलेलं असतं. त्यात जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांना २०१९ मध्ये उंदरांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या की ज्या याच झोपेत चेततात आणि आठवणी पुसायला हातभार लावतात. माणसातही हुबेहूब तसंच होतं असं म्हणण्याची घाई मी करणार नाही, पण विसरणं हा झोपेच्या कामाचाच भाग असावा, असा विचार त्यातून पुढे येतो. पाटीवर ओल्या बोटाने लिहिलेलं जसं डोळ्यांसमोर वाळून जातं, तसं स्वप्न जाग आल्यावर काही क्षणच टिकतं. त्या क्षणांत कुणी पाहिलं तर वाचता येतं. तुमचे ते क्षण मोटरच्या बटणाकडे धावण्यात जातात.

आणि म्हणूनच तुमच्या बहिणीला स्वप्नं आठवतात. फ्रान्समधल्या लिआँ शहरात पेरिन रुबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वप्नं भरपूर आठवणाऱ्या आणि क्वचितच आठवणाऱ्या माणसांची झोप तपासली. आठवणारी माणसं रात्रीतून एकूण अर्धा तासभर जागी होत होती, न आठवणारी साधारण पाव तास. छोट्या छोट्या जागेपणातच स्वप्न पकडलं जातं. तुमची बहीण सासूबाईंसाठी रात्री दोन-तीनदा उठते. आईचं वय पाहता त्यांनाही रात्री जाग येत असणार. तुम्ही मात्र दिवसभर राबून अशा गाढ झोपता की थेट गजरालाच उठता. अण्णांनी कुणावर जास्त माया केली, किंवा अण्णांवर कुणी केली, याचा या हिशेबात कुठेही संबंध येत नाही.

काकू आणि जाऊबाई या दोघींबद्दलही बोलायला हवं. दोघींनी तुमच्या भल्यासाठीच सांगितलं असेल. पण बघा, गोष्ट एकच, अण्णा दिसत नाहीत. एकीने त्यातून नाराजी काढली, दुसरीने शांती. ज्या गोष्टीतून दोन उलट अर्थ सारख्याच सहजतेने निघतात, तिच्यावर इतकं मोठं ओझं टाकू नये. तरीही मन म्हणतं की स्वप्नात येणं ही कृपा असते, आणि ती आपल्या वाट्याला का नाही? तर आपल्याच परंपरेतलं सगळ्यात प्रसिद्ध स्वप्न आठवा. तुकोबांना गुरूने स्वप्नात उपदेश केला. त्याबद्दलच्या अभंगात ते पहिल्याच दमात काय सांगतात? ‘कृपा मज केली, परी नाहीं घडली सेवा कांहीं.’ सेवा काहीच घडली नव्हती, तरी गुरू आले. म्हणजे स्वप्नातलं दर्शन ही केलेल्या सेवेची पावती नसते, हे तुकोबाच सांगून गेलेत. मग सेवा घडूनही दर्शन झालं नाही म्हणून सेवा खोटी ठरेल कशी? चार महिने तुम्ही अण्णांचं जे केलंत ते झालेलं आहे, आणि एखादं स्वप्न न आठवल्याने ते रद्द होत नाही.

वर्षश्राद्ध मनापासून करा. अण्णांच्या आवडीचं रांधा, त्यांच्या ओळखीच्या चार माणसांना बोलवा. पण स्वप्नात येत नाहीत या धास्तीपोटी कुठला मोठा खर्चिक विधी करायला निघाला असाल तर थांबा. भीतीने केलेल्या विधीनंतरही स्वप्न आठवलं नाही, तर तुमचा अपराधीपणा दुप्पट होईल, आणि त्याचीच मला काळजी वाटते.

आता दुसरा प्रश्न. हो, स्वप्नं लक्षात राहावीत म्हणून पुष्कळ काही करता येतं, आणि बहुतेकांना थोड्या आठवड्यांत फरक जाणवतो.

सगळ्यात आधी रात्रीची ती हाक बंद करा. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण ती हाक किती आतून येत असेल हे कळतं. पण ‘आज तरी या’ म्हणताना मन वाट पाहत बसतं, आणि वाट पाहणारं मन झोपत नाही. झोप उडाली की स्वप्नाची जागाच संपली. त्याऐवजी दिवा मालवताना एवढंच मनाशी म्हणा : सकाळी जे काही आठवेल ते मी पाहीन. अण्णांचं नाव न घेता. हा साधा संकल्प खरोखर उपयोगी पडतो, कारण जाग येताच लक्ष कुठे द्यायचं हे मनाला आधीच सांगून ठेवलेलं असतं.

मग झोप वाढवा. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात आणि तुम्ही कित्येक वर्षं त्याहून कमी झोपत आलेल्या दिसता. अकराऐवजी दहाला आडवं व्हायला जमतं का ते पाहा. त्याहून महत्त्वाचं : आठवड्यातून दोन दिवस पाणी दुसऱ्या कुणीतरी भरावं. घरात कोण कोण आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण डबे एकापेक्षा जास्त आहेत, म्हणजे ते खाणारी माणसंही आहेत. त्यांच्यातल्या कुणाला मोटरचं बटण दाबता येणार नाही असं नाही. स्वप्नासाठी म्हणून सांगायला संकोच वाटत असेल तर झोपेसाठी म्हणून सांगा. वर्षभर दुखवट्यात आणि त्याआधी चार महिने जागरणात काढलेल्या बाईला आठवड्यातून दोन सकाळी साडेसहापर्यंत निजायला मिळावं, यात मागण्यासारखं जास्त काही नाही. तुमची स्वप्नं आठवण्याची शक्यता त्या दोन सकाळी सगळ्यात जास्त.

त्या सकाळी जाग आल्यावर काय करायचं, हे सगळ्यात नाजूक काम आहे. हलू नका. कूस बदलू नका, डोळे उघडू नका, घड्याळ पाहू नका, आज कोणता वार हेही मनात आणू नका. ज्या अंगावर जाग आली त्याच अंगावर तसंच पडून राहा आणि स्वतःला हळूच विचारा : आत्ता मी कुठे होते? बरेचदा पहिल्यांदा चित्र येतच नाही, नुसती भावना येते. कसलीतरी घाई, कुणीतरी रागावलं होतं, कुठेतरी खूप बरं वाटत होतं. ती भावना धरून थांबा. मग एखादा तुकडा वर येतो : एखादा जिना, ओली भिंत, कुणाचा तरी आवाज. तिथून मागे मागे जा, याच्या आधी काय होतं, त्याच्या आधी काय होतं. स्वप्न शेवटाकडून सुरुवातीकडे आठवत जावं, तसं सोपं जातं. काहीच आलं नाही तर सावकाश दुसऱ्या कुशीवर वळा आणि पुन्हा थोडं थांबा. त्या कुशीवर झोपलेले असताना पडलेलं स्वप्न कधीकधी तिथेच भेटतं, असा अनेकांचा अनुभव आहे.

गजर लावावाच लागतो त्या दिवसांसाठी त्याचा आवाज मऊ ठेवा आणि फोन हाताला लागेल असा उशाशी ठेवा, म्हणजे बंद करायला उठावं लागणार नाही. मग दोनच मिनिटं पडून राहा. पाणी दोन मिनिटांनी जात नाही. मात्र फोन हातात आला म्हणून निरोप वाचायला लागू नका. एक ‘सुप्रभात’ वाचला की गेलं सगळं.

उशाशी एक वही आणि पेन्सिल ठेवा. फोनवर बोलून नोंद करणारेही असतात, पण फोन उघडला की त्यात दुसरं काय काय दिसतं ते तुम्ही जाणता, म्हणून मी वहीच्या बाजूची आहे. तारीख घाला आणि आठवेल ते लिहा, एक शब्द असला तरी लिहा. काही आठवलं नाही त्या दिवशी ‘आठवलं नाही, पण सकाळी उदास वाटलं’ एवढं तरी लिहाच. रोज वही उघडली जाते तेव्हा मनाला कळतं की या गोष्टीची इथे नोंद होते, आणि ते हळूहळू द्यायला लागतं. आणि वाचता येईल असं लिहा. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरातले शास्त्रज्ञ ओटो लोवी यांना एका रात्री स्वप्नात प्रयोगाची कल्पना सुचली. अर्धवट झोपेत त्यांनी ती कागदावर खरडली, आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. दिवसभर तळमळले. त्यांचं दैव थोर म्हणून पुढच्या रात्री तीनच्या सुमारास तेच पुन्हा सुचलं, आणि या वेळी ते लिहीत न बसता उठून थेट प्रयोगशाळेत गेले. नसा हृदयापर्यंत आपला संदेश रसायनातून पोचवतात, हे त्यांनी बेडकांच्या हृदयावर त्या प्रयोगात दाखवलं आणि १९३६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. स्वप्न सहसा दुसऱ्यांदा येत नाही.

लिहिताना एक मोह टाळा, स्वप्न नीटनेटकं करण्याचा. पुन्हा तुकोबांच्या त्या अभंगाकडे जाऊ. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरूंची गाठ पडली, त्यांनी मस्तकावर हात ठेवला, स्वतःचं नाव बाबाजी सांगितलं, राघवचैतन्य-केशवचैतन्य ही परंपरा सांगितली, रामकृष्णहरि मंत्र दिला, दिवस माघ शुद्ध दशमीचा, वार गुरुवार. आणि या सगळ्याच्या मधोमध काय आहे? जेवायला पावशेर तूप मागितलं, त्याचा ‘पडिला विसर स्वप्नामाजी’. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणाचं वर्णन करताना तुकोबांनी तूप गाळलं नाही, विसर पडला तेही गाळलं नाही. स्वप्न असंच टिपावं. तुमच्या स्वप्नात शाळेचं हजेरीबुक आणि अण्णांची काठी एकाच पिशवीत असेल, तर दोन्ही लिहा. अर्थ शोधू नका. साप दिसला म्हणजे अमुक, दात पडला म्हणजे तमुक, असे कोष्टक घालून दिलेले अर्थ तुमच्या स्वप्नाला काही म्हणजे काही लागू पडत नाहीत.

एका गोष्टीची तयारी आधीच करून ठेवा. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे खरं, पण मनात जे वसतं ते आपल्याला हव्या त्या रूपात येत नाही. सुरुवातीला तुम्हाला आठवतील ती स्वप्नं बहुधा चुकलेल्या एसटीची, न सापडणाऱ्या फायलीची आणि वाहून जाणाऱ्या टाकीची असतील. निराश होऊ नका, तीच दाराची पहिली फट आहे. आणि अण्णा दिसले तर ते बहिणीला दिसतात तसे अंगणात बसून चहा मागतीलच असं नाही. तुम्ही त्यांच्या शेवटच्या महिन्यांत त्यांच्यासोबत होतात. तुमच्या मनात त्यांची दम लागलेली छाती आहे, रात्रीची हाक आहे. ते आजारी दिसतील, काही मागतील आणि तुम्हाला वेळेवर पोचता येणार नाही, असंही स्वप्न पडू शकतं. रुग्णाची सेवा केलेल्या पुष्कळ माणसांना असं होतं आणि ते जाग आल्यावर फार छळतं. तो अण्णांचा निरोप समजू नका. चार महिन्यांची ती धावपळ अजून तुमच्या अंगात आहे. असं स्वप्न पुन्हा पुन्हा पडू लागलं तर दिवसाउजेडी वही घ्या, ते स्वप्न लिहून काढा आणि त्याचा शेवट तुम्हाला हवा तसा बदला : तुम्ही पोचलात, पाणी दिलंत, ते ‘बस जरा’ म्हणाले. हा बदललेला शेवट रोज थोडा वेळ मनात पाहायचा. वाईट स्वप्नांनी पछाडलेल्या रुग्णांवर मानसोपचारतज्ज्ञ हीच पद्धत वापरतात.

काही गोष्टी मात्र करू नका. स्वप्नं आठवावीत म्हणून ‘बी सहा’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, असं कुणी सांगेल. त्यामागे थोडं तथ्य आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठाच्या २०१८ मधल्या अभ्यासात पाच दिवस रोज २४० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना स्वप्नं जास्त आठवली. पण शरीराची रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि एवढे मोठे डोस चालू ठेवले तर हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. स्वप्नासाठी ही किंमत मोजायची नाही. मध्यरात्री मुद्दाम गजर लावून स्वतःला उठवण्याचा खटाटोपही तुमच्यासाठी नाही, तुमची झोप आधीच तोकडी आहे. आणि रक्तदाबाची किंवा नैराश्याची गोळी चालू असेल तर तीही लक्षात घ्या. अशा काही औषधांनी स्वप्नं कमी होतात किंवा फार भडक होतात. डॉक्टरांना जरूर विचारा, स्वतःहून गोळी बंद करू नका.

पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा वाचलं : ‘मग झोपच उडते.’ हे आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री होत असेल आणि तीन महिने चाललं असेल, तर तो निद्रानाश आहे. त्यावर चांगले उपचार आहेत आणि ते नेहमी गोळ्यांचेच असतात असंही नाही. तसंच वर्ष होत आलं तरी दिवसाची कामं होत नाहीत, जेवण गोड लागत नाही, जगण्यात राम वाटत नाही असं असेल, तर डॉक्टरांशी बोला. गावात कुणी नसेल तर सरकारची ‘टेली मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. इतकं काही नसेलही. तरी हे सांगितल्याशिवाय मला पत्र पुरं करता येणार नाही.

आता बहिणीचं. ‘मला सांगू नकोस’ म्हणू नका. तिचा प्रश्न तुम्हाला टोचतो, पण तिच्या बाजूनेही क्षणभर बघा. ती शेवटी पुण्यात होती, अण्णा तुमच्याकडे होते. तिच्याकडे त्या चार महिन्यांचं काहीच नाही. स्वप्नात अण्णा चहा मागतात ते सांगायला ती सकाळी सकाळी तुम्हालाच का फोन करत असेल? कदाचित प्रत्यक्षात चहा करून द्यायला ती नव्हती हे तिलाही खात असेल, आणि ज्या बहिणीने तो दिला तिच्यापाशीच ते बोलता येत असेल. मी चुकत असेन, तुम्ही तिला ओळखता. पण विचारून पाहा.

तिला सांगा की अण्णांची स्वप्नं ऐकायला मला आवडतात, फक्त ‘तुला कसे दिसत नाहीत’ हे विचारू नकोस, मला त्रास होतो. इतकं सरळ बोललं तर बहीण दुखावणार नाही. आणि तिने एक स्वप्न सांगितलं की तुम्ही तिला त्या चार महिन्यांतली एक गोष्ट सांगा : अण्णा दुपारी काय मागायचे, कुणाची आठवण काढायचे, तिच्याबद्दल काय बोलायचे. तिची स्वप्नंही तारीख घालून तुमच्याच वहीत लिहीत चला. तिला रात्री दोन-तीनदा उठून पुन्हा कामाला लागायचं असतं, ती स्वतः लिहिणार नाही, आणि आठवडाभरात तीही विसरेल.